अक्काचे डोके आणि गाडीची जीभ

आमच्या गाडीची ओळख या सदराच्या वाचकांना नव्याने करून द्यायला नको. २००८ च्या पाडव्याला घेतलेली, पेट्रोलवर चालणारी, मूळची पांढरी आणि आता दुधावर साय धरावी तशी धूळ धरलेली. २०२३ साली तिची पंधरा वर्षे भरली, तेव्हा चिरंजीवांनी बंगलोरहून फोन करून "बाबा, आता तिला मोडीत काढा" असे फर्मावले होते. आणि मी आर. टी. ओ. त खेटे घालून, कर भरून, तिचे आयुष्य कागदोपत्री आणखी पाच वर्षांनी वाढवून आणले होते. त्या वेळी मी सौ.ला मोठ्या ऐटीत म्हणालो होतो की, गाडीला काय होते? जपले तर माणसापेक्षा जास्त टिकते.

तेच वाक्य २०२५ च्या पावसाळ्यात मला गिळावे लागले, त्याची ही हकीकत.

आषाढाच्या सुमारास गाडीच्या समोरच्या फळीवर एक पिवळा दिवा लागला. इंजिनाचे छोटेसे चित्र असलेला. किल्ली फिरवली की तो क्षणभर लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो, हा त्याचा सतरा वर्षांचा शिरस्ता. आता तो विझेना. गाडी मात्र चालत होती. चालणाऱ्या गाडीतल्या दिव्याकडे लक्ष द्यायचे नसते, असा माझा, आणि मला वाटते निम्म्या कोथरूडचा, समज आहे. आमच्या वरच्या मजल्यावरचे ओव्हरसियरसाहेब तर म्हणाले, "त्यावर काळी चिकटपट्टी लावा. मी लावली आहे." मी लावली नाही; पण ती घरात सापडली नाही म्हणून, हे कबूल केले पाहिजे.

पेट्रोल जास्त खाऊ लागली, तेही मी इथेनॉलच्या माथी मारले. एक लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी दहावर आली. पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल असते, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी, हे सगळे खरे. पण त्याने पंधराचे चौदा होतील, फार तर थोडे आणखी खाली. पंधराचे दहा होणार नाहीत. हे गणित मला करता येत होते. केले नाही, एवढेच.

आता अक्का. माझी थोरली बहीण, वय शहात्तर, चाळीस वर्षे मुलींच्या शाळेत पाकशास्त्र शिकवले. दोन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडे थकली, तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावे लागते. कर्वे रस्त्याने, लकडी पुलावरून, पलीकडे. सकाळच्या गर्दीत चांगली पाऊण तासाची तपश्चर्या. पावसामुळे काचा बंद. अक्का पुढच्या सीटवर, मांडीवर औषधांची फाईल आणि डब्यात दोन इडल्या.

श्रावणात अक्का डोके धरून बसू लागली. मळमळते म्हणू लागली. डायलिसिसनंतर डोके दुखणे काही नवीन नाही, तिथल्या निम्म्या मंडळींचे दुखते. तेव्हा आम्ही ते दुखणे दुखण्याच्याच खात्यावर मांडले. आमच्या सौ.ने मात्र एक दिवस पोळी लाटता लाटता विचारले, "अहो, यायच्या वेळी दुखतं ते समजलं. पण वन्संचं जातानाच कसं दुखायला लागतं?"

मी म्हणालो, "ताण असेल मनावर."

बायकोच्या प्रश्नाला नवऱ्याने दिलेल्या ज्या उत्तरांची पुढे लाज वाटते, त्यांत हे माझे पहिले.

दिव्याकडे मी अखेर वळलो तो अक्कासाठी नव्हे, पेट्रोलच्या खर्चासाठी. जवळच्याच एका झकपक गॅरेजात गेलो. तिथल्या तरुणाने स्टिअरिंगखालच्या खोबणीत एक यंत्र जोडले. २०१० नंतरच्या आमच्याकडच्या गाड्यांत अशी स्वतःची तपासणी करणारी व्यवस्था कायद्याने आली; आमच्या गाडीत ती बनवणाऱ्याने आधीच घातली होती, फक्त जरा बाळबोध. यंत्राच्या पाटीवर आकडा उमटला, पी ०१७१. तरुण म्हणाला, "मिश्रण लीन आहे काका. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर गेला." सेन्सर बदलला. चार हजार आठशे रुपये. दिवा विझला. आठव्या दिवशी पुन्हा लागला. तेव्हा तो म्हणाला, "मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला असणार. बावीस हजार."

याच दिवसांत पी. यू. सी. ची मुदत संपली. आमच्या गाडीच्या जातीला ते प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी लागते. रस्त्याकडेच्या त्या माणसाने गाडीचा फोटो काढला, कारण फोटो पाठवल्याशिवाय कागद निघत नाही, आणि नळी हातात धरून विचारले, "घालू का नळी, का नुसतं देऊ? दिवा लागलाय म्हणून विचारतो." मी "द्या" म्हणालो. मागच्या खेपेसही असेच घेतले होते. वाचकहो, कारकुनीत सारी हयात घालवलेल्या माणसाला खोट्या कागदाची किंमत कळत नाही असे नाही. पण समोर रांग होती, पाऊस होता, आणि अक्काची वेळ झाली होती.

बावीस हजारांच्या धसक्याने मी नाना पेठेत गेलो, जुना सुटा भाग स्वस्तात मिळतो का ते पाहायला. तिथल्या दुकानदारानेच मला मागच्या बोळातल्या एका मिस्त्रीकडे पिटाळले. साठीचे गृहस्थ, कानाला पेन्सिल, अंगात तेलकट गंजीफ्रॉक. त्यांनी माझी सगळी कैफियत ऐकून घेतली आणि यंत्र न लावता आधी चारही प्लग खोलून फडक्यावर ओळीने ठेवले. चारही काळे. काजळी धरलेल्या पणत्यांसारखे.

"काका," मिस्त्री म्हणाले, "ते यंत्र म्हणतं पेट्रोल कमी पडतंय. हे प्लग म्हणतात पेट्रोल जास्त होतंय. दोघं एकाच इंजिनात राहतात. खोटं कोण बोलतंय?"

मला हा प्रश्न फार आवडला. त्यांनी मग जुना काढलेला सेन्सर माझ्या हातात ठेवला, तो मी रद्दीत न टाकता डिकीत ठेवला होता म्हणून बरे. वेळणीच्या फिरकीएवढी वस्तू. एका टोकाला चार तारा, दुसऱ्या टोकाला भोके पाडलेली लोखंडी टोपी. टोपीच्या आत झिर्कोनिया नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाची बोटाच्या टोकाएवढी नळी असते, दोन्ही अंगांनी प्लॅटिनमचा पातळ मुलामा दिलेली. नळीच्या आत बाहेरची साधी हवा, तीत ऑक्सिजन एकवीस टक्के. नळीच्या बाहेरून इंजिनाचा गरम धूर वाहतो. तीनशे अंशांच्या वर तापले की दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकाने त्या नळीवर विजेचा बारीक दाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन उरलाच नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त, तर सुमारे ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे पेट्रोल कमी, तर ०.१ च्या आसपास. यामागचे गणित वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८९ सालीच मांडून ठेवले होते. गाडीत ते आले १९७६ साली, बॉश कंपनीच्या सेन्सरच्या रूपाने, कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या व्होल्व्हो गाड्यांमधून.

हा खटाटोप कशासाठी? तर सायलेन्सरच्या वाटेवर जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो त्याच्यासाठी. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा लेप. विषारी वायूंचे बऱ्यापैकी निर्विष वायू करणे हे त्याचे काम. पण हे महाराज मोठे सोवळे! वजनाने १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल, या प्रमाणाच्या अगदी जवळपास असले तरच तिन्ही प्रकारचे वायू पचवतात. (इथेनॉलच्या मिश्रणाला हे प्रमाण थोडे खाली येते, सेन्सर ते आपोआप सांभाळतो.) म्हणून धुराची चव घेणारा सेन्सर, आणि त्याच्या सांगण्यावरून पेट्रोल कमीजास्त करणारा इंजिनाचा संगणक. हे चव घेणे आणि दुरुस्त करणे अखंड चालू असते. धडधाकट सेन्सरचा व्होल्टेज दर सेकंदा-दोन सेकंदाला वर-खाली झुलत असतो. झुलणे मंदावले की समजावे, जीभ जड झाली.

हे सगळे मी त्या रात्री जेवताना घरी सांगितले. सौ. म्हणाली, "एवढं कळलं तर मग खोटं कोण बोलतंय ते का नाही कळत?" अक्का तोवर भाताशी चाळा करत होती. तिला मीठ वर्ज्य, पाणी मोजून. तिने मान वर केली.

"अरे, कुणीच खोटं बोलत नसेल," ती म्हणाली. "परीक्षेला मुली आमटी करायच्या ना, तेव्हा मी वाटीत घेऊन चव बघायची. एकदा एका मुलीने वाटी विसळली आणि पाणी न निथळता तीतच आमटी घातली. मला ती अळणी लागली. मी म्हटलं, मीठ घाल. तिने घातलं. पुन्हा तसल्याच ओल्या वाटीत दिली. पुन्हा अळणी. शेवटी पातेल्यातली आमटी खारट मिरवण झाली. जीभ माझी बरोबर होती रे. वाटीत पाणी होतं."

मी ताटावरून उठलो नाही एवढेच. सेन्सर धुरात ऑक्सिजन आहे म्हणतो. खरेच असेल. पण तो इंजिनातूनच आला कशावरून?

सकाळी मिस्त्रींना हे सांगितले तर ते हसले. "आईसाहेबांना गॅरेजात आणा. मी पण तेच शोधणार होतो." त्यांनी गार इंजिन सुरू करून मला कान लावायला सांगितले. टिक टिक टिक असा बारीक आवाज. तो मला गेले सहा महिने ऐकू येत होता. इंजिन तापले की बंद होतो म्हणून मी तो वयाचा आवाज समजत होतो, गाडीच्या आणि माझ्याही. मग त्यांनी इंजिन बंद केले आणि व्हॅक्यूम क्लीनर आहे का विचारले, उलटी हवा फेकणारा. तो सौ.चा. "दिवाळीची साफसफाई अजून व्हायची आहे, परत आणा," एवढ्या अटीवर मिळाला. इंजिन पुरते निवल्यावर त्याची नळी फडक्याने आवळून सायलेन्सरच्या तोंडात बसवली, हवा सोडली, आणि मिस्त्रींनी साबणाचे पाणी ब्रशाने सगळ्या सांध्यांवर फासले. इंजिनाला धूर वाहून नेणारा जो ओतीव लोखंडाचा फाटा असतो, मॅनिफोल्ड, तो जिथे इंजिनाला बसतो तिथे एका कोपऱ्यात साबणाचा फेस फसफसून वर आला. पॅकिंग जळाले होते आणि एक स्टड तुटला होता. शेजारी काजळीचा काळा पंखा उमटलेला. हा सांधा सेन्सरच्या आधी येतो, हे महत्त्वाचे.

धूर एकसारखा वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. धक्का आला की फटीतून धूर बाहेर. दोन धक्क्यांच्या मध्ये पोकळी झाली की त्याच फटीतून बाहेरची हवा आत. ती हवा सेन्सरवरून जाते. सेन्सर म्हणतो, ऑक्सिजन आहे, पेट्रोल कमी पडतेय. संगणक पेट्रोल वाढवतो. सेन्सरचे तेच म्हणणे. संगणकाला जेवढे वाढवायची मुभा आहे तेवढे वाढवून झाले, तरी तक्रार मिटेना, तेव्हा त्याने हात टेकले आणि दिवा लावला. नवा सेन्सर घालूनही तेच, कारण नव्या जिभेलाही वाटी ओलीच मिळाली.

मी खूश होऊन पैसे विचारणार, तोच मिस्त्री म्हणाले, "काका, आत कोण बसतं?"

म्हणजे?

त्यांनी पुढच्या काचेखालची जाळी दाखवली. पंखा लावला की गाडीच्या आतली हवा तिथून येते. फटीपासून हातभर अंतर. आणि फटीतून येणारा धूर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा, म्हणजे कच्चा. त्यात मिश्रण जास्त पेट्रोलचे, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड भरपूर. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. आणि मूत्रपिंडाच्या रोग्याचे हिमोग्लोबिन मुळातच कमी. काचा बंद, पंखा चालू, कर्वे रस्त्यावर पाऊण तास.

मिस्त्रींनी ओळखीच्या केंद्रावर नेऊन नळी खरोखर घालायला लावली. आमच्या गाडीच्या पिढीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के. पाटीवर ३.६ आले. माझ्या खिशात पंधरा दिवसांपूर्वीचा शिक्क्याचा कागद होता, त्यावर ०.२ लिहिले होते. दोन्ही कागद मी बराच वेळ हातात धरून उभा होतो.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "याच्यामुळेच दुखत होतं असं मागे जाऊन सांगता येणार नाही. पण दुरुस्ती होईपर्यंत त्यांना रिक्षानं आणा." दोन खेपा रिक्षाने झाल्या. दोन्ही वेळा अक्काने जाताना इडल्या खाल्ल्या आणि पुलावरच्या फुलवाल्यांच्या भावावर टीका केली.

दुरुस्ती झाली ती अशी: तुटलेला स्टड काढणे हेच मोठे काम, अर्धा दिवस त्यात गेला, नवे पॅकिंग, नवे प्लग, मजुरी धरून तीन हजार दोनशे. कन्व्हर्टर शाबूत निघाला. मिस्त्री म्हणाले, आणखी वर्षभर अशी चालवली असती तर जादा पेट्रोलने तापून वीट वितळली असती. जाता जाता त्यांनी चार गोष्टी सुनावल्या, त्या जुन्या गाडीवाल्या वाचकांसाठी देतो. सेन्सरचे टोक पेट्रोलने धुऊ नये, तारेच्या ब्रशाने घासू नये. काढताना बावीसचा फटीचा पाना वापरावा, इंजिन कोमट असताना, आणि ग्रीस फक्त आट्यांना लावावे, टोपीला नाही. इंजिनाच्या सांध्यांना साधे शिलिकॉन फासणाऱ्याला तिथेच थांबवावे, त्याच्या वाफा सेन्सरला झाकून टाकतात. लागलाच तर सेन्सरला न बाधणारा असे डबीवर लिहिलेलाच घ्यावा. तारांच्या जोडाला तेलकट फवारा मारू नये, कारण कित्येक सेन्सर आतली साधी हवा तारांमधूनच घेतात. तारा उंदीर कुरतडतात, पावसाळ्यानंतर बॉनेट उघडून बघावे. इंजिन तेल जाळत असेल किंवा रेडिएटरचे पाणी आत झिरपत असेल तर आधी ते बंद करावे, नाहीतर दुसरा सेन्सरही त्याच वाटेने जातो. चांगला गरम होणारा सेन्सर लाख-दीड लाख किलोमीटर सहज काढतो. आमचा ऐंशी हजारांवर काढला गेला होता.

तो धडधाकट होता, हे मिस्त्रींनी पेट्रोलच्या ज्योतीवर नव्हे, मीटर लावून, परत गाडीत बसवून, व्होल्टेज झुलताना मला दाखवून सिद्ध केले. मी म्हटले, मग नवा परत काढून घ्या. ते म्हणाले, "राहू द्या. हा डिकीत ठेवा. लागेल."

दुसऱ्या केंद्रावर नळी घालून मोजले, ०.१८. अक्का गाडीतच होती. तिने काच खाली करून त्या मुलाला विचारले, "नीट घातलीस ना रे नळी? बघू." तो ओशाळून मागे घेऊन गेला, तिने मान वळवून पाहिले.

घरी येताना मी तिला ते दोन खोटे कागद सांगून टाकले. दशभुजा गणपतीच्या सिग्नलवर. ती काही वेळ बोलली नाही. सिग्नल सुटला तेव्हा म्हणाली, "मी म्हणत होते माझं मेलं अंगच आता असं झालंय. तीन महिने तसंच समजत होते." आणि मग, "समोर बघ. हॉर्न वाजवतायत."

डायलिसिसनंतर तिचे डोके अजून अधूनमधून दुखते. जाताना दुखत नाही. ओव्हरसियरसाहेबांच्या दिव्यावरची चिकटपट्टी सौ.ने स्वतः खाली जाऊन काढली, त्यांच्या नातीला ते शाळेत सोडतात म्हणून. त्यांचा दिवा कशाचा आहे ते अजून कळायचे आहे, गाडी नाना पेठेत उभी आहे. आमच्या पी. यू. सी. ची पुढची तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर अक्काने लाल पेन्सिलीने गोल करून ठेवली आहे, आणि खाली लिहिले आहे, 'मी येणार'.